सामाईक कपाट उघडेना तेव्हां

या सदराकडे गेल्या दोन-तीन महिन्यांत जीं पत्रें आलीं त्यांत एकाच विषयाचीं इतकीं निघालीं कीं, ठरविलेला विषय बाजूस ठेवून त्या सर्वांस एकत्र उत्तर द्यावें असें आम्हीं योजिलें आहे. पत्रलेखक निरनिराळ्या गांवचे आहेत. कोणी वकील, कोणी बँकेंतून निवृत्त झालेले, एक भगिनी संगीताच्या शिक्षिका. परंतु गाऱ्हाणें सर्वांचें एक. घरांत एका संगणकावर किंवा राउटरशेजारीं ठेवलेल्या लहानशा पेटींत कुटुंबाचे फोटो, जुने कागद, हिशेब, मुलांचे निबंध असें सारें सामाईक ठेवलेलें असतें. कालपर्यंत तें सर्वांस दिसत होतें. आज एकाच्या संगणकावरून तें उघडत नाहीं, आणि कारण म्हणून पडद्यावर जें वाक्य उमटतें त्याचा अर्थ लागत नाहीं.

आम्हीं हयातभर मुलांस संस्कृत शिकविलें. यंत्रविद्या हा आमचा प्रांत नव्हे. तथापि निवृत्तीनंतर घरांतील पांच संगणकांची व्यवस्था आमच्याकडे आली, आणि तेव्हांपासून एक गोष्ट ध्यानांत आली ती ही कीं, या कामास लागणारी बुद्धि आणि तर्कसंग्रह शिकतांना लागणारी बुद्धि यांत फारसें अंतर नाहीं.

प्रथम वस्तु काय आहे तें पाहूं. एका यंत्रावरील फोल्डर दुसऱ्या यंत्रास आपलाच वाटावा, अशी ही योजना आहे. अशा रीतीनें परका फोल्डर आपल्या यंत्रास जोडून घेण्यास 'माउंट' करणें म्हणतात. घोड्यावर बसण्याशीं याचा संबंध नाहीं. पूर्वीं मोठ्या संगणकांवर चुंबकीय फितींचीं रिळें मनुष्यास हातानें चढवावीं लागत, त्या चढविण्याचा हा शब्द. फीत गेली, शब्द राहिला. आपणहि विजेचें बटण दाबतांना 'दिवा मालव' असेंच म्हणतों.

या योजनेच्या मुख्य रीति दोन. 'एस.एम.बी.' नांवाची रीत आय.बी.एम. कंपनींत बॅरी फायगेनबॉम यांनीं १९८० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धांत रचिली आणि मायक्रोसॉफ्टनें ती आपल्या विंडोजमध्यें वाढविली. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनें १९८४ मध्यें 'एन.एफ.एस.' ही निराळी रीत काढली, ती युनिक्सच्या घराण्यांत रूढ झाली. घरगुती पेट्यांत बहुधा पहिलीच चालते, म्हणून येथें तिचाच विचार करूं. या पेट्यांच्या पोटांत पुष्कळदां लिनक्स व त्यावर 'सांबा' नांवाची प्रणाली असते. नांव वाचून सांबसदाशिवाचें स्मरण व्हावें हें साहजिक आहे, पण तसा कांहीं प्रकार नाहीं. कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटींतील अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्यानें १९९१ च्या अखेरीस व १९९२ च्या आरंभीं तिचा पहिला अवतार लिहिला. पुढें नांव बदलण्याची वेळ आली तेव्हां ज्या शब्दांत एस, एम, बी हीं तीन अक्षरें याच क्रमानें येतात असे शब्द कोशांतून शोधून त्यांतून त्यानें हा निवडला. आम्हांस त्याहून कौतुक वाटतें तें निराळेंच. दोन यंत्रें तारेवरून परस्परांशीं काय बोलतात तें टिपून घेऊन, व्याकरण हातीं नसतां, त्यानें ती भाषा उकलली. लहान मूल मातृभाषा शिकतें ती हीच रीत. आमच्या वर्गांत मात्र रूपें आधीं पाठ करवून घेण्याची चाल होती.

असो. मुद्द्यास येऊं. कपाट मागणारा संगणक आणि कपाट बाळगणारा संगणक, ज्यास इंग्रजींतहि 'होस्ट' म्हणजे यजमानच म्हणतात, यांच्यामध्यें क्रमानें सहा गोष्टी घडाव्या लागतात. यजमानाच्या नांवावरून त्याचा अंक सांपडला पाहिजे. त्या अंकापर्यंत वाट असली पाहिजे. तेथें ४४५ क्रमांकाचें दार उघडें असलें पाहिजे. दाराशीं दोघांची बोली जुळली पाहिजे. नांव व परवलीचा शब्द पटला पाहिजे. आणि शेवटीं त्या नांवाच्या मनुष्यास तें विवक्षित कपाट, व त्यांतला तो विवक्षित कागद, पाहण्याचा अधिकार असला पाहिजे. वाड्यांत शिरणारा मनुष्य गल्ली, दिंडी, ओटी, माजघर असें एकेक ओलांडीत कोठीच्या खोलीपर्यंत जातो तसेंच हें आहे. दिंडीशीं अडलेल्यानें कोठीचें कुलूप बदलून कांहीं होत नाहीं.

परंतु पत्रें वाचून पाहतां बहुतेकांनीं नेमकें हेंच केलेलें दिसतें. एका गृहस्थांनीं परवलीचा शब्द चार वेळां बदलला. मुलाचा लॅपटॉप मात्र राउटरच्या 'पाहुण्यांसाठीं' असलेल्या वायफायला जोडलेला होता. त्या वायफायवरील यंत्रांस घरांतील इतर यंत्रें दिसूं नयेत अशीच योजना असते, आणि ती आपलें काम चोख बजावीत होती. दुसऱ्या एकांस दुकानदारानें पेटी पुसून नव्यानें मांडण्याचा सल्ला दिला. सुदैवानें त्यांनीं आधीं आम्हांस लिहिलें. पेटी पुसण्याचा सल्ला कोणीहि दिला तरी, आंतील सर्व कांहीं दुसरीकडे उतरवून घेतल्याचें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिल्यावांचून तो मानूं नये. पुसण्यानें दोषाचें कारण जाईलच असें नाहीं. आजोबांचे फोटो मात्र निश्चित जातील.

आतां पडद्यावरील वाक्याविषयीं. संगणकाचा संदेश हें शब्दप्रमाण होय. परंतु शब्द प्रमाण केव्हां मानावा? बोलणारा आप्त असेल तेव्हां; म्हणजे ज्यास वस्तुस्थिति ठाऊक आहे आणि जो ती तशीच सांगतो असा असेल तेव्हां. संगणक लबाड नसतो, पण त्यास ठाऊक फार थोडें असतें आणि बोलण्यास मोजकींच वाक्यें त्याच्यापाशीं असतात. विंडोजचा ५३ अंकाचा दोष घ्या: 'नेटवर्कवरील मार्ग सांपडला नाहीं.' नांव चुकलें, वाट तुटली, दार बंद आहे, यांपैकीं कांहींहि झालें तरी वाक्य हेंच. लिनक्सचा ११२ अंकाचा दोष तर याहून चमत्कारिक. तो म्हणतो, 'यजमान बंद आहे'. आणि पेटीचा हिरवा दिवा समोर लुकलुकत असतो! येथें यजमान जागा आहे, दारहि उघडें आहे. केवळ दोघांची बोली जुळलेली नाहीं. त्याचा विस्तार पुढें येईल.

लिनक्स वापरणाऱ्यांस एक सोय आहे. या थोरल्या वाक्यामागचें धाकटें वाक्य वाचतां येतें. 'डीमेसेज' ही आज्ञा दिली कीं गाभ्याची रोजनिशी पडद्यावर येते. तिच्या शेवटच्या चार ओळी पाहाव्या. उदाहरणार्थ, १३ अंकाचा दोष 'परवानगी नाहीं' एवढेंच म्हणतो. रोजनिशींत मात्र कधीं 'लॉगऑन फेल्युअर' असें आढळतें, कधीं 'ॲक्सेस डिनाइड' असें. पहिल्याचा अर्थ ओळखच पटली नाहीं. दुसऱ्याचा अर्थ ओळख पटली, पण अधिकार नाहीं. दोहोंचे उपाय अगदीं निराळे. तसेंच २ अंकाचा दोष 'अशी फाइल किंवा असा फोल्डर नाहीं' असें सांगतो, आणि रोजनिशींत 'बॅड नेटवर्क नेम' असें दिसतें. म्हणजे यजमानाच्या घरीं पोंचलों, पण जें नांव घेतलें त्या नांवाचें कपाट तेथें नाहीं. फोल्डरचें नांव एक आणि तो सामाईक करतांना दिलेलें नांव दुसरें, असें अनेकदां असतें. आणखी एक लांबलचक वाक्य लिनक्सवर येतें, त्यांत फाइल-व्यवस्थेचा प्रकार चुकला, पर्याय चुकला, साहाय्यक प्रणाली नाहीं, अशीं पांच-सहा कारणें एका दमांत सांगितलेलीं असतात. तें दिसल्यास इतर सर्व सोडून 'सिफ्स-युटिल्स' नांवाचा संच बसविलेला आहे कीं नाहीं हें आधीं पाहावें. बहुधा तो नसतोच.

शब्दावर भागत नाहीं तेथें अनुमानाकडे वळावें लागतें, आणि अनुमानाचें शस्त्र म्हणजे अन्वय-व्यतिरेक. जें असतां दोष दिसतो आणि जें नसतां दिसत नाहीं, तें शोधावयाचें. त्यास पथ्य एकच: एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. तोच संगणक ठेवून वायफायऐवजीं तार लावून पाहावी. तीच तार ठेवून दुसरा संगणक लावावा. नांवाऐवजीं यजमानाचा अंक घालून पाहावा. अंकानें उघडलें आणि नांवानें उघडलें नाहीं तर दोष नांव शोधण्यांत आहे. बाकीचे पांच टप्पे निर्दोष ठरले. राउटर पुष्कळदां यंत्रांस दिलेले अंक बदलतो, त्यामुळें काल चाललेला अंक आज दुसऱ्याच यंत्राचा निघतो. पेटीचा अंक राउटरमध्यें कायमचा राखून ठेवावा म्हणजे ही कटकट संपते.

येथेंच आणखी एका भ्रमाचें निरसन करतों. विंडोजमध्यें 'नेटवर्क' या यादींत पेटी दिसेनाशी झाली कीं लोक ती नाहींच असें समजतात. अनुपलब्धीवरून अभाव ठरवावयाचा तर ती वस्तु तेथें दिसण्याजोगी असली पाहिजे, हें शास्त्रकारांनीं केव्हांच सांगून ठेवलें आहे. ती यादी भरण्याची जुनी पद्धत एस.एम.बी.च्या पहिल्या आवृत्तीवर अवलंबून होती. ती आवृत्ति गेली तशी जुन्या पेट्यांचीं नांवें यादींतून गळालीं. पत्त्याच्या जागीं दोन उलट्या तिरप्या रेघा, यजमानाचें नांव किंवा अंक, पुन्हा एक रेघ व कपाटाचें नांव असें स्वतः टंकित केल्यास यादींत नसलेली पेटीहि उघडूं शकते. लिनक्सवर रेघा सुलट्या असतात, एवढा भेद.

वाट आहे कीं नाहीं हें 'पिंग' या आज्ञेनें कळतें, पण तेवढ्यानें दार उघडें असल्याचें सिद्ध होत नाहीं. दाराची परीक्षा वेगळी करावी. विंडोजच्या पॉवरशेलमध्यें 'टेस्ट-नेटकनेक्शन' या आज्ञेस यजमानाचा अंक व 'पोर्ट ४४५' असें सांगितलें कीं तें होय-नाहीं उत्तर देतें. नकार कसा येतो हेंहि पाहण्यासारखें असतें. नकार तत्काळ आला तर यजमान जागा आहे, पण कपाटें दाखविणारी त्याची सेवा चालू नाहीं. बराच वेळ कांहींच उत्तर आलें नाहीं तर एक तर यजमान तेथें नाहीं, किंवा त्याच्या दारावरील पहारेकरी, ज्यास फायरवॉल म्हणतात, तो आलेल्याची वर्दीच आंत देत नाहीं. विंडोजचा संगणकच यजमान असेल तर त्यावरील नेटवर्क 'सार्वजनिक' म्हणून नोंदलें आहे कीं 'खासगी' म्हणून, हें पाहावें. सार्वजनिक म्हणजे स्थानक किंवा चहाचें दुकान, असें समजून तो पहारा कडक ठेवतो. स्वतःच्या घरच्या नेटवर्कास खासगी म्हणावें.

आतां बोलीची गोष्ट. आम्हीं बोली हा शब्द अलंकारासाठीं योजिलेला नाहीं, एस.एम.बी.च्या शास्त्रांतहि 'डायलेक्ट' हाच शब्द आहे. मागणारा संगणक आपणांस येणाऱ्या बोलींची यादी सांगतो, यजमान त्यांतील एक निवडतो, आणि पुढील सर्व व्यवहार तींत होतो. यादींतली एकहि बोली यजमानास येत नसेल तर व्यवहार तेथेंच थांबतो. मोडीखेरीज कांहीं न लिहिणारा जुना कारकून आणि बाळबोधाखेरीज कांहीं न वाचणारा नवा मामलेदार समोरासमोर बसविले तर दोघेहि विद्वान असून कागद पुढें सरकणार नाहीं. दहा-बारा वर्षांपूर्वीं घेतलेल्या कित्येक पेट्यांची स्थिति त्या कारकुनासारखी आहे. त्यांस पहिल्या आवृत्तीची बोलीच येते, आणि नवे संगणक ती बोलावयास तयार नाहींत.

नाहींत, यास सबळ कारण आहे. १२ मे २०१७ रोजीं 'वानाक्राय' नांवाची खंडणीखोर प्रणाली याच पहिल्या आवृत्तीच्या विंडोजमधील एका छिद्रांतून शिरून जगभर पसरली. ती यंत्रावरील सर्व कागदपत्रें कुलूपबंद करून किल्लीसाठीं पैसे मागे. ब्रिटनमधील सरकारी आरोग्यसेवेच्या रुग्णालयांत त्यामुळें ठरलेल्या शस्त्रक्रिया व रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. विशेष हें कीं, छिद्र बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें मार्च महिन्यांतच दिली होती. ती ज्यांनीं बसविली नाहीं त्यांचीं यंत्रें सांपडलीं. त्याच वर्षाच्या शरद् ऋतूंत आलेल्या विंडोज १० च्या नव्या आवृत्तीपासून पहिली बोली आपोआप बसविली जाईनाशी झाली. लिनक्सच्या गाभ्यानेंहि २०१७ मध्येंच ती आपणहून बोलण्याचें सोडलें. सांबानें २०१९ मध्यें तेंच केलें.

म्हणून ११२ अंकाचा दोष दिसला, किंवा विंडोजनें 'या कपाटास जुनी, असुरक्षित रीत लागते' असें सांगितलें, तर पेटीच्या व्यवस्थापनाच्या पानावर जाऊन तिची प्रणाली अद्ययावत् करावी आणि तेथें दुसरी किंवा तिसरी आवृत्ति चालू करण्याचा पर्याय आहे का तें पाहावें. पुष्कळ पेट्यांत तो असतो आणि कोणी पाहिलेला नसतो. नसेल तर? लिनक्सवर माउंट करतांना 'व्हर्स बरोबर १.०' असें लिहिलें म्हणजे जुनी बोली चालते. विंडोजच्या वैकल्पिक अंगांतूनहि ती चालू करतां येते. बरेच लोक हें करून निश्चिंत होतात. आमचा यास स्पष्ट विरोध आहे. जुन्या पेटीशीं असें बोलावयाचें तें एकदांच, आणि तें आंतील सर्व चीजवस्तु बाहेर काढून घेण्यासाठीं: इंटरनेटची तार काढावी, बोली चालू करावी, सर्व कांहीं नव्या जागीं उतरावें, मोजून पाहावें, बोली बंद करावी आणि पेटीस निवृत्त करावें. विंडोज तर ही बोली पंधरा दिवस वापरली गेली नाहीं कीं आपणहून काढून टाकतें. त्यामुळें 'मागच्या महिन्यांत चालू केलें होतें, पुन्हा कसें बंद पडलें?' असें लिहिणाऱ्यांस त्याचें उत्तर यांत मिळेल.

या सर्व पत्रांत एक पत्र असें होतें कीं, तें वाचून आम्हीं लेखणी थोडा वेळ खालीं ठेवली. एका भगिनींनीं तें लिहिलें आहे. सासरे कीर्तनकार होते. त्यांच्या कीर्तनांचीं ध्वनिमुद्रणें मुलांनीं फितींवरून उतरवून एका पेटींत ठेवलीं. वाडा एक, चुली दोन. पेटी धाकट्या भावाच्या खोलींत. थोरल्या भावानें नवा संगणक घेतला आणि सासऱ्यांच्या श्राद्धतिथीच्या आदल्या दिवशीं एक मुद्रण ऐकावयास गेले, तों पडद्यावर वाक्य आलें: तुमच्या संस्थेच्या सुरक्षा-धोरणानुसार ओळख न दिलेल्या पाहुण्यास या कपाटांत प्रवेश नाहीं. त्याच वेळीं धाकट्याच्या संगणकावर तींच मुद्रणें सुरळीत वाजत होतीं. 'आमच्या घरास कोठली संस्था आणि कोठलें धोरण?' असें विचारून त्या भगिनी पुढें लिहितात, 'आणि पाहुणे आम्ही कसे? वडिलांचा आवाज, आणि थोरला मुलगा पाहुणा?' भाऊजींनींच कांहीं केलें असावें असें यजमानांच्या मनानें घेतलें. त्यांनीं विचारलें नाहीं आणि भाऊजींनींहि सांगितलें नाहीं, कारण सांगण्यासारखें त्यांच्याकडे कांहीं नव्हतें. पंधरा दिवस दोघे ओटीवर समोरासमोर बसून बोलत नव्हते.

आम्हीं लगेच पत्रानें उत्तर कळविलें. तेंच येथें थोडक्यांत देतों, कारण हा दोष आतां घरोघर दिसणार आहे. पेटी बसवितांना सोईसाठीं ती 'कोणीहि यावें' अशी ठेवलेली होती. नांव नको, परवल नको. अशा रीतीनें येणाऱ्यास या शास्त्रांत 'गेस्ट' म्हणजे पाहुणा म्हणतात. दोन्ही भाऊ इतकीं वर्षें पेटीच्या दृष्टीनें पाहुणेच होते! धाकट्याच्या संगणकावर विंडोज १० ची घरगुती आवृत्ति होती, ती असें जाऊं देते. थोरल्याचा नवा संगणक विंडोज ११ ची २०२४ च्या उत्तरार्धांत निघालेली 'प्रो' आवृत्ति चालवीत होता. तिनें पाहुणा म्हणून कोठेंहि जाण्याचें स्वतःच नाकारलें आहे, शिवाय प्रत्येक निरोपावर सही असावी असा तिचा आग्रह असतो, आणि बिननांवाचा पाहुणा सही कशाची करणार? तेव्हां मज्जाव पेटीनें केला नव्हता, भावानें तर नव्हेच. थोरल्याच्या स्वतःच्या संगणकानें धन्यास बाहेर पाऊल टाकूं दिलें नव्हतें. 'संस्था' हा शब्द कचेऱ्यांसाठीं लिहिलेल्या वाक्यांतून तसाच राहिलेला, त्यास कांहीं अर्थ नाहीं.

हा मज्जाव संगणकाच्या सूक्ष्म पर्यायांत जाऊन उठवितां येतो, आणि तसें सांगणारे पुष्कळ भेटतात. तें करूं नये. वायफायचा शब्द ठाऊक असलेला कोणीहि मग त्या पेटींतलें सर्व पुसूं शकतो, आणि एखादी खंडणीखोर प्रणाली घरांतल्या एका यंत्रांत शिरली तर तिलाहि नांव विचारलें जात नाहीं. योग्य उपाय असा कीं, पेटीवर घरांतील प्रत्येकाचें नांव नोंदवावें, प्रत्येकास परवलीचा शब्द द्यावा, आणि सासऱ्यांच्या मुद्रणांसारखीं न बदलावयाचीं कपाटें सर्वांस केवळ वाचण्यापुरतीं उघडीं ठेवावीं. त्या भगिनींचें दुसरें पत्र आलें आहे. दोन्ही घरांचीं मिळून सात नांवें पेटीवर घातलीं; तीं घालण्यास दिरांनाच बोलवावें लागलें, कारण व्यवस्थापकाचा शब्द त्यांच्याकडे होता. पत्रांत एवढेंच आहे. अधिक विचारणें हें आमचें काम नव्हे.

नांवें घातल्यावर जे दोष उरतात ते बहुतेक परवलीच्या शब्दाचे. विंडोजवर चार आंकडी पिन घालून संगणक उघडण्याची संवय झालेले लोक कपाटासहि तोच पिन देतात. तो चालत नाहीं. तेथें त्या खात्याचा पूर्ण परवलीचा शब्दच लागतो. परवलीचा शब्द बदलला तर विंडोजच्या 'क्रेडेन्शियल मॅनेजर' नामक फडताळांत जुनाच शब्द राहिलेला असतो आणि संगणक न विचारतां तोच पुढें करीत राहतो. तो तेथून काढावा. एकाच संगणकावरून एकाच यजमानाकडे दोन नांवांनीं जातां येत नाहीं, त्यास १२१९ अंकाचा दोष म्हणतात. 'नेट यूज' या आज्ञेनें आधीची जोडणी पाहून ती तोडावी, मग दुसऱ्या नांवानें जावें. सांबाच्या यजमानावर लिनक्समधील खातें असणें पुरेसें नसतें, सांबाची परवलींची वही स्वतंत्र असते आणि तींत 'एस-एम-बी-पासवर्ड' या आज्ञेनें नोंद करावी लागते. लिनक्सवर माउंटच्या पर्यायांतच परवलीचा शब्द लिहिणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें कीं तेथें स्वल्पविराम हा पर्याय तोडण्याचें चिन्ह आहे. शब्दांत स्वल्पविराम असेल तर अर्धाच शब्द यजमानाकडे जातो. नांव व शब्द वेगळ्या फाइलींत लिहावे आणि ती फाइल आपल्यावांचून कोणास वाचतां येणार नाहीं अशी ठेवावी. संगीतशिक्षिका भगिनींच्या रागदारीच्या फाइलींचीं देवनागरी नांवें प्रश्नचिन्हें होऊन दिसतात, त्यांनीं त्याच पर्यायांत 'आयओ-चारसेट बरोबर यूटीएफ-८' असें घालावें.

शेवटीं एका दोषाविषयीं लिहिलें पाहिजे, ज्याचें पत्र कोणाकडूनच आलेलें नाहीं. कारण तो दोष वाक्यच दाखवीत नाहीं. लिनक्सवर कपाट ज्या रिकाम्या फोल्डरवर चढवितात तो फोल्डर आपल्याच यंत्रावर असतो. काहीं कारणानें एखाद्या दिवशीं कपाट चढलें नाहीं, तरी तो फोल्डर तेथें असतोच. रात्रीं प्रत घेणारी प्रणाली त्या फोल्डरांत मुकाट्यानें प्रत लिहिते, 'काम झालें' असें कळविते, आणि प्रत पेटीकडे न जातां त्याच यंत्रावर पडते, ज्याच्या नाशापासून वांचण्यासाठीं ती घेतली होती. पुढें कपाट पुन्हा चढलें कीं त्याखालीं त्या प्रती झांकल्या जातात. तबकडी मात्र कां भरत चालली हें कळत नाहीं. मूळ यंत्र बिघडेपर्यंत हें उघडकीस येत नाहीं, आणि मग येऊन उपयोग नसतो.

यावर उपाय सोपा आहे. कपाट उतरवून तो फोल्डर रिकामा आहे ना हें आधीं पाहावें. आंत कांहीं सांपडल्यास तें बाहेर काढून घ्यावें. मग, फोल्डर उतरलेल्या स्थितींत असतांनाच, 'सीएचएटीटीआर' या आज्ञेनें त्यावर 'अधिक आय' अशी खूण करावी, म्हणजे कपाट नसतां त्यांत कोणासच लिहितां येत नाहीं आणि प्रत घेणारी प्रणाली ओरडून सांगते. संगणक सुरू होतांना कपाट आपोआप चढावें म्हणून 'एफस्टॅब' नांवाच्या यादींत जी ओळ असते तींत 'नेटडेव्ह' आणि 'नोफेल' हे पर्याय असावे. पहिल्यानें नेटवर्क येईपर्यंत थांबलें जातें, दुसऱ्यानें पेटी बंद असली तरी संगणक अडून बसत नाहीं. नेटडेव्हच्या आधीं एक अधोरेषा द्यावी लागते. आणि महिन्यांतून एकदां पेटींतील सर्वांत नव्या प्रतीची तारीख पेटीच्याच पानावर जाऊन पाहावी, आपल्या संगणकावरून नव्हे.

फोनवरून सामाईक कपाट पाहण्यासंबंधीं तीन पत्रें राहिलीं आहेत. त्यांचा विचार पुढील अंकीं.